दुसऱ्या तासाची हजेरी

जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतला भिंतीवरचा फोन वाजला तेव्हा इर्या लेहटोनेन नादकाटे पुसत होती. हा फोन सहसा वाजत नसे. वाजलाच तर ऑफिसातून बेव्ह बोलायची, अमक्याला खाली पाठव, तमक्याची आई आलीय, एवढंच. आज बेव्ह म्हणाली, तुला उत्तरेकडून फोन आहे, जोडते. आणि मग खरखर सुरू झाली. खरखरीत मधूनच एक बारीक शीळ. इर्याच्या हातातला काटा अजून कंप पावत होता. तिने तो पोटाशी, स्वेटरच्या लोकरीत दाबला तसा त्याचा आवाज मेला. पलीकडून एक बाई सावकाश बोलत होती. प्रत्येक वाक्यानंतर ती एवढी थांबे की बोलणं संपलं असं वाटावं. नाव ओलिव्ह बीअर्डी. उत्तरेकडच्या, विमानानेच पोचता येणाऱ्या एका गावातल्या रेडिओ-शाळेचं ती बघते. केझाया सकानीचं नाव तुमच्या पटावर अजून का आहे, एवढंच तिला विचारायचं होतं. "तिचा अर्ज माझ्याकडे पाच आठवडे पडून आहे, मिस. तुम्ही नाव सोडल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. एक पोर दोन शाळांत नाही चालत." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं इर्याला नंतर वाटलं. त्या क्षणी तिने आपला स्वतःचा आवाज ऐकला, शाळेतला, खडूसारखा कोरडा: पुस्तक परत यायचं आहे, पुस्तक जमा झाल्याखेरीज नाव कमी करता येत नाही, नियम आहे. ओलिव्ह पुन्हा थांबली. "पुस्तक इथंच आहे," ती म्हणाली, "रोज काखेत घेऊन येते ती. आमची हजेरी रेडिओवर होते, तुम्हाला ठाऊक असेल. सकाळी नऊला मास्तर तिकडून एकेक गाव घेतात, एकेक नाव घेतात, पोरं बटण दाबून सांगतात, आहे. ती सगळ्यांच्या आधी येऊन बसते. तिचं नाव येत नाही. मग ती बटणाला हातपण लावत नाही. नुसती ऐकते." नवं सत्र सोमवारी सुरू होतंय, नावं उद्या दुपारी बारापर्यंत पाठवायची, नाहीतर मग थेट जानेवारीत, एवढं सांगून ओलिव्हने, तुमच्याकडे बर्फ पडला का हो, असं विचारलं आणि उत्तराची वाट पाहून फोन ठेवला.

इर्याने काटा त्याच्या लाकडी पेटीवर उभा केला. खिडकीबाहेर डोंगराच्या उताराखाली शहर होतं, त्याच्या टोकाला धान्याची उंच कोठारं, आणि त्यांच्या पलीकडे सरोवर, ऑक्टोबरअखेरीचं, जस्ताच्या पत्र्यासारखं. बर्फ अजून पडला नव्हता. बुधवार होता. शुक्रवारी पटमोजणी. दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शाळेच्या दिवशी प्रत्येक वर्गाच्या पटावरची मुलं मोजली जातात आणि बाराव्या इयत्तेच्या ज्या विषयाला बारा मुलं नसतील तो विषय त्या शाळेत चालत नाही. मुलांना बसने बंदरापाशीच्या दुसऱ्या शाळेत पाठवतात, शिक्षकाला जो मिळेल तो वर्ग देतात. इर्याच्या पदार्थविज्ञानाच्या वर्गात अकरा मुलं होती. पटावर बारा.

सुट्टीनंतर जिन्यात उपमुख्याध्यापक रीनो कोलांजेलो भेटला. हा पूर्वी तिच्याच हाताखाली शिकला होता, त्यामुळे तिच्याशी बोलताना अजूनही टाय नीट करायचा. बारा आहेत ना, त्याने विचारलं. आहेत, ती म्हणाली. "मग शुक्रवारी पोरांना आंघोळ घालून बसवा, मिस. डोकी मोजायची आहेत," तो हसून म्हणाला आणि खाली उतरता उतरता वळून सांगितलं की तुमचं हे शेवटचं वर्ष, तुमचा वर्ग मोडायची पाळी माझ्यावर आली नाही हे देवाने बरं केलं. इर्याही हसली. चाळीस वर्षं ती मुलांना एक गोष्ट सांगत आली होती: जी नोंद तुम्ही स्वतः डोळ्यांनी घेतली नाही ती वहीत लिहायची नाही. बरोबर असली तरी नाही. पुस्तकातलं उत्तर माहीत आहे म्हणून लोलकाचे वीस झोके न मोजता वेळ लिहिणाऱ्या कित्येक हुशार मुलांच्या वह्यांवर तिने तांबडी रेघ मारली होती, त्यात एकदा रीनोचीही होती. आणि आता तिच्या टेबलाच्या खणात दुसऱ्या तासाचा हजेरीपट होता. शाळेची खरी हजेरी दुसऱ्या तासाची, तीच ऑफिसात जाते. बाकीच्या तासांना कोण आलं, कोण नाही, हे ज्याचं त्याने पाहावं. केझाया सकानीच्या ओळीत तेवीस वेळा गैरहजेरीची रेघ होती. आणि तेरा रेघांनंतर, चौदाव्या दिवशी, ऑक्टोबरच्या चौदा तारखेला, एक बारीक, स्वच्छ, हजेरीची खूण. पंधरा दिवस सलग न आलेल्याचं नाव आपोआप उडतं. ती खूण केली की मोजणी पुन्हा एकपासून.

त्या दिवसाचं तिला सगळं आठवत होतं. थँक्सगिव्हिंगची, इथे ऑक्टोबरातच येणारी, सुट्टी नुकतीच संपली होती, मुलांच्या अंगाला अजून घरच्या जेवणाची सुस्ती होती. "सकानी," तिने नाव घेतलं. "नाही आली," शेल्बी टॉमलिन म्हणाली. शेल्बी ही केझायाची प्रयोगातली जोडीदार. आडनावांच्या क्रमाने जोड्या लावल्या जातात, म्हणून सकानीशेजारी टॉमलिन. जोडीदार गेल्यापासून ती मोठ्या टेबलावर एकटीच बसायची, एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताने लोलकाची गोळी सोडायची, आणि रोज हे दोन शब्द बोलायची, जणू तेही तिच्या वाटणीचं काम होतं. इर्याने ते ऐकलं आणि पेन टेकवलं. हाताला काही जड वाटलं नाही. मान वर केली तर शेल्बी तिच्याकडे पाहत होती. तिला पट दिसत होता की नाही, हे पहिल्या टेबलाच्या उंचीवरून आणि डोळ्यांच्या कोनावरून इर्याने नंतर रिकाम्या वर्गात त्या स्टुलावर बसून पाहिलं. दिसत होता. दुसऱ्या दिवशी शेल्बी पुन्हा म्हणाली, नाही आली. फक्त आवाज थोडा सपाट झाला होता, की तो इर्याच्याच कानांचा दोष होता, कुणास ठाऊक.

पण सुरुवात अशी नव्हती. सुरुवात कशी होती हे तिला नीट मांडून बघायचं होतं, म्हणून त्या संध्याकाळी बस न पकडता ती चालत निघाली. पायाखाली पानं ओली होती. केझाया सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेतल्या गावाहून इथे शिकायला आली होती, सतरा वर्षांची, अंगात भावाचं वाटावं असं मोठं जाकीट. बोलायची कमी आणि बोलली तर हळू, पण तिची आकडेमोड मात्र अशी की चुकलेली पायरीसुद्धा खोडलेली नसायची, शेजारी दुसरी लिहिलेली असायची. कुठल्याशा कुटुंबाकडे ती राहायची. माणसं वाईट नव्हती, तिनेच सांगितलं होतं. फक्त त्यांच्याकडे टीव्ही सतत चालू असतो आणि मी खोलीतून बाहेर आले की तो कुणीतरी बारीक करतं, ती म्हणाली होती. शाळा सुटल्यावर ती प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत येऊन थांबायची. साडेपाचपर्यंत. इर्या काही विचारत नसे. तिला कळत होतं. तीसुद्धा चौदाव्या वर्षी उत्तरेकडच्या फिनिश वस्तीवरून, लाकूडतोड्यांच्या मुलीसारखी जाड मोजे घालून, याच शहरात शिकायला आली होती आणि एका विधवा बाईच्या घरी माडीवर राहिली होती. ती बाईही वाईट नव्हती. पण त्या घरात इर्या पाव भाजून आवाज न करता खायला शिकली. तोंडात घोळवून, मऊ करून. खालच्या मजल्यावरच्या घड्याळाचे टोले मोजत पडून राहायची, आणि एका रविवारी तिने दोऱ्याला किल्ली बांधून, तिचे झोके मोजून ते घड्याळ तासाला किती मागे पडतं ते काढलं, आणि ते कुणाला सांगावं हे तिला कळेना, कारण सांगण्यासारखं त्या शहरात कुणी नव्हतं. मग एका मास्तरांनी तिला सामानाच्या खोलीची किल्ली दिली होती. आजही ती तीच खोली होती. तेच लाकडी खण, तीच पितळी वजनं मखमलीच्या खाचांत, लाटा दाखवायचा तो उथळ काचेचा ट्रे. केझाया नादकाटे पुसायची आणि क्रमाने लावायची. एकदा बेव्हने गुलाबी क्रीम थापलेला पर्शन दिला होता, या शहरात वाढदिवसाला हाच गोड पाव लागतो, तो त्या दोघींनी गाळणकागदावर ठेवून अर्धा अर्धा खाल्ला. केझायाने क्रीमवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, घरी पाठवता आला असता तर बरं झालं असतं, कोकमला आवडला असता. कोकम म्हणजे आजी. आजीचं नाव ती क्वचितच घ्यायची, पण घेतलं की तिच्या आवाजात कुठेतरी एक दार उघडायचं.

तेवीस सप्टेंबरला ती दुपारी आली. जाकीट अंगातच होतं. आजी पडलीय, मांडीचं हाड मोडलंय, तिच्याजवळ कुणीतरी हवं, उद्याच्या विमानात जागा मिळालीय. हे तिने उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाली, "पुस्तक ठेवू का थोडे दिवस, मिस?" इर्या म्हणाली, ठेव. "माझं नाव काढून टाकणार?" त्या प्रश्नात काय होतं, भीती की विनंती की नुसती चौकशी, यावर इर्याने पाच आठवडे विचार केला होता. ती म्हणाली होती, "घाई काय आहे. तुझी जागा कुठे पळून जात नाही." केझायाचा चेहरा सैल झाला होता. हे खरं होतं, ही नोंद तिने डोळ्यांनी घेतली होती. म्हणजे त्या दिवशी ती माया होती. मग बर्फाचं तिला आठवलं, दहावीला दाखवतात तो साधा प्रयोग. भांड्यात बर्फ, खाली ज्योत, आत तापमापी. मुलं दर मिनिटाला पारा वाचतात आणि कंटाळतात, कारण पारा शून्यावर गप्प उभा असतो. उष्णता मात्र सारखी आत जात असते. सगळा बर्फ पाणी होऊन जातो आणि पारा हलत नाही. सप्टेंबर संपता संपता बाकीच्या शिक्षकांनी केझायाचं नाव घेणं सोडलं, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका मुलाने विषय बदलला आणि तेराचे बारा झाले, रीनोने पहिल्यांदा आकडा विचारला. आणि इर्या रोज नाव घेत राहिली, तशाच आवाजात. चौदा तारखेपर्यंत खाली सगळं पाणी झालं होतं.

घरी आल्यावर तिने कॉफी केली आणि स्वयंपाकघरात उभी राहूनच प्यायली. आई गेल्यापासून या घरात फिनिश बोललं गेलं नव्हतं. कधीकधी भांडं हातातून निसटलं की तोंडातून एखादा शब्द यायचा, तेवढाच. शनिवारी ती अजूनही मागल्या अंगणातली सौना, वाफेच्या आंघोळीची खोली, पेटवायची आणि वरच्या बाकावर एकटी बसायची, खालचा बाक आईचा म्हणून तिथे टॉवेल अंथरून. उद्या दुपारी बारा. शुक्रवारी मोजणी. सोमवारी नाव सोडलं तर वर्ग वाचतो. मोजलेली डोकी पुन्हा कुणी मोजत नाही. चोवीस तासांचाही फरक नाही, आणि केझायाचं काय जातं, एक सत्र, नऊ आठवडे, हुशार मुलगी आहे, भरून काढेल. अकरा मुलांना मात्र रोज बसची पंचेचाळीस मिनिटं. असे दोन्ही बाजूंचे आकडे तिने मनात लिहिले आणि तिला स्वतःचं हसू आलं, कारण त्यातला मुख्य आकडा तिने लिहिलाच नव्हता. वर्गासाठी होतं हे खरं. जूनपर्यंत सामानाच्या खोलीची किल्ली आपल्याजवळ राहावी यासाठीही होतं. पण दुपारी साडेतीननंतर त्या खोलीत स्टूल ओढल्याचा आवाज आता येत नाही, आणि जोवर पटावर नाव आहे तोवर तो आवाज उद्या येईल असं धरून चालता येतं, हे त्या सगळ्याच्या तळाशी होतं. ती वाट पाहत होती. इतकी साधी गोष्ट होती, आणि तिचा भार एका पोरीने उचलला होता. एका खोलीत, रेडिओसमोर, काखेतलं पुस्तक मांडीवर घेऊन ती दुसऱ्यांची नावं ऐकत बसली होती. घाई काय आहे, असं कुणी सांगितलेल्या माणसासारखी. तिने कुणाकडे तक्रारही केली नसेल. जागा राखून ठेवलीय याचे उपकारच मानले असतील. इर्याने कप धुतला, मग तोच कप पुन्हा धुतला.

गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या आधी ती ऑफिसात गेली. बेव्ह कोटही न काढता हीटरजवळ उभी होती. इर्याने नाव कमी करायचा फॉर्म मागितला तेव्हा बेव्हने चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. शाळा सोडल्याची तारीख या रकान्यात इर्याने लिहिलं: तेवीस सप्टेंबर. बेव्हने वाचलं आणि फॉर्म तसाच उलटा तिच्याकडे सरकवला.

"आजची घाल," ती हळूच म्हणाली.

"ती तेवीसला गेली."

"अगं, मग मधले चोवीस रकाने कोण भरत होतं? त्यात एका ठिकाणी ती हजर आहे. माझ्याकडे पट येतात, इर्या. मी वाचते ते."

इर्याने विचारलं, कधी वाचलं. पंधरालाच, बेव्ह म्हणाली. मला वाटलं पोरगी एका दिवसासाठी आली असेल, मग वाटलं नसेल, मग म्हटलं आपल्याला काय करायचंय, चाळीस वर्षांत हिने कधी काही मागितलं नाही. आजची तारीख घाल, रीनो काही विचारणार नाही. तेवीस लिहिलीस तर त्याला विचारावं लागेल, आणि तो बिचारा टाय ओढत बसेल. इर्या म्हणाली, विचारू दे. मग खालच्या रकान्यात पुस्तक होतं. पदार्थविज्ञान, बारावी, प्रत क्रमांक एकतीस, परत आलं: होय, नाही. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे वर्षावार नावांची यादी होती, सात नावं, आठवं केझायाचं, तिच्या छोट्या उभ्या अक्षरात. इर्याने होय वर खूण केली. स्थिती या शब्दापुढे लिहिलं, चांगली.

"आलं पुस्तक?" बेव्हने विचारलं.

"आलं."

"कुठंय?"

इर्याने फॉर्म तिच्यापुढे सरकवला. बेव्हने तिच्याकडे पाहिलं, मग शिक्का घेतला, शाईच्या पॅडवर दोनदा आपटला आणि फॉर्मवर मारला. अकरा वाजता तिने उत्तरेला फोन लावून दिला. ओलिव्ह म्हणाली, बरं झालं, आणि थांबली, आणि मग म्हणाली, आमच्याकडे पडला बर्फ. केझाया तिथे जवळपास आहे का, असं विचारायचं इर्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने विचारलं नाही.

रीनो दुपारी वर आला. दार लावून घेतलं. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं, पण तो टेबलाच्या कडेला टेकला आणि बराच वेळ लोलकाची दोरी बोटाला गुंडाळत राहिला. "तुम्ही माझी अख्खी वही फाडायला लावली होती," तो शेवटी म्हणाला. "तीन नोंदींसाठी. मी घरी जाऊन रडलो होतो." इर्या म्हणाली, आठवतं. तो म्हणाला, वर्ग पुढच्या शुक्रवारपर्यंत ठेवतो, बसची व्यवस्था व्हायला तेवढा वेळ लागेलच. नंतर तुम्हाला नववीचं सामान्य विज्ञान. त्या खुणेचं काय, ते वर कळवावं लागेल, त्यावर काय होईल मला माहीत नाही. तिने मान हलवली. जाताना त्याने दोरी सोडली आणि लोलक हलत राहिला. दार बंद झाल्यावर तिने सवयीने झोके मोजले, आणि सतरावर थांबली.

मुलांना तिने शुक्रवारी सांगितलं. का, हेही सांगितलं, खुणेसकट. मागच्या टेबलावरच्या एकाने बस किती वाजता, एवढं विचारलं. शेल्बी वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत होती, एकात एक, आणि तास संपल्यावर सगळ्यांच्या शेवटी उठली. दाराशी थांबून म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे ती कधी येणार ते, म्हणून तुम्ही तसं केलं. इर्या म्हणाली, नाही, मला माहीत नव्हतं. शेल्बीने मान डोलावली, आणि स्टूल नीट आत सारायला परत वळली. दोन स्टुलं होती. तिने दोन्ही सारली.

सोमवारी सकाळी बर्फ पडला. मुलं उशिरा, बूट आपटत आली, खोलीला ओल्या लोकरीचा वास सुटला. ऑफिसातून नवा पट आला होता, यंत्रावर छापलेला, अकरा नावांचा, कागद अजून गुळगुळीत. दुसरा तास दहाला सुरू होतो. उत्तरेची ती गावं घड्याळाने एक तास मागे आहेत. म्हणजे तिथे नऊ, रेडिओवरच्या हजेरीची वेळ. इर्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सेकंदाचा काटा वर येईपर्यंत थांबली, कशासाठी ते मुलांना कळलं नाही. मग ती वाचू लागली. एकेक नाव, एकेक आवाज. आहे. आहे. आहे मिस. ऱ्होड्सचा झाला. त्यापुढे नव्या कागदावर टॉमलिन होतं, मध्ये काही नव्हतं, रिकामी ओळसुद्धा नाही. पण इतक्या आठवड्यांची सवय, तिचा श्वास त्या जागी आपोआप अडला, एका नावाएवढाच, आणि तेवढ्या शांततेत शेल्बी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "नाही आली."

कुणीतरी हसू दाबलं. शेल्बीचे कान लाल झाले.

"आली," इर्या म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं. ते शेल्बीचंच होतं.